काहीच त्रास नसताना

धाकट्या बहिणीचा फोन रात्री उशिरा आला. "ताई, मला उलट्या नाहीत, पोट दुखत नाही, अंगावरून काही जात नाही. सगळं छान चाललंय. मग ही बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी करायलाच हवी का गं?" तिच्या आवाजात कुरकुर नव्हती, भीती होती. त्या मशीनने काही दाखवलंच तर काय करायचं, ही ती भीती. मी ती चांगली ओळखते. "उद्या बोलू," म्हणून मी फोन ठेवला, कारण तिला द्यायचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते फोनवर दोन वाक्यांत बसणारं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी मलाही काहीच होत नव्हतं.

शेवटच्या पाळीपासून मोजलं तर दहावा आठवडा चालू होता. मळमळ थोडी कमी झाली होती आणि त्याचा मला आनंदच झाला होता. पहिला फोटो मिळणार म्हणून मी सोनोग्राफीला एकटीच गेले. तपासणारी मुलगी आधी गप्पा मारत होती, मग बोलायची थांबली. पडद्यावर एक बारीकसं अधिक चिन्ह सरकत सरकत एका करड्या ठिपक्याच्या टोकाशी जाऊन थांबलं. टिक्. दुसरं अधिक चिन्ह दुसऱ्या टोकाला. टिक्. दोघांमध्ये तुटक रेघ उमटली आणि खाली कोपऱ्यात आकडा आला: ९ मिलिमीटर. तिने तो पुसला आणि पुन्हा मोजलं. पुन्हा ९. तिसऱ्यांदा मोजलं आणि "आलेच" म्हणून ती बाहेर गेली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. अंगावर चादर, खोलीत अंधार, आणि पडद्यावर ती दोन अधिक चिन्हं तशीच. मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, तरी सगळं कळलं होतं.

मग मोठ्या डॉक्टर आल्या. त्यांनी स्वतः पाहिलं, खुर्ची ओढून माझ्या डोक्याशी बसल्या आणि सरळ शब्दांत सांगितलं, "बाळाचे ठोके दिसत नाहीत. वाढ सातव्या आठवड्याच्या आसपास थांबली आहे."

"नक्की?" मी विचारलं. त्यांनी न चिडता समजावलं. आतून तपासणी करताना बाळाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असेल आणि तरी ठोके नसतील, तरच असं म्हणायचं. त्याहून लहान असेल तर निदान आठवडाभर थांबून पुन्हा बघायचं, आणि शक्यतो दुसऱ्या कुणी तरी पडताळून घ्यायचं. ही सीमा पूर्वी ५-६ मिलिमीटर होती, ती मुद्दाम वाढवली गेली. जिवंत गर्भाला चुकून मृत म्हटलं जाऊ नये म्हणून. त्या दिवशी मला त्या दोन मिलिमीटरचं काही वाटलं नाही. आज वाटतं. कुठल्या तरी अनोळखी बाईच्या बाळाला एक आठवडा जास्त द्यावा, म्हणून कुणीतरी बसून तो आकडा बदलला होता.

नंतर भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकीने विचारलं, "काही त्रास नव्हता ना तुला? मग गेलीस कशाला?" जणू मी गेले नसते तर ते झालंच नसतं. कितीतरी महिने मलाही तसंच वाटत होतं. न कळता गेलेले ते तीन आठवडे, ज्यात मी नावं शोधत होते, ते मला पुन्हा हवे होते.

पण बाळ त्या खोलीत गेलेलं नव्हतं. ते आधीच गेलं होतं, आणि माझ्या शरीराने मला सांगितलं नव्हतं. सोनोग्राफी झाली नसती तर कधीतरी, कुठेतरी, प्रवासात किंवा कामावर, एकदम रक्त जाऊ लागलं असतं. त्याऐवजी मला तीन वाटा सांगितल्या गेल्या: आपोआप होईपर्यंत थांबणं, गोळ्या घेणं, किंवा पिशवी साफ करून घेणं. निवड माझी होती. त्या आठवड्यात माझ्या हातात तेवढंच उरलं होतं, आणि ते मला त्या नकोशा तपासणीने दिलं.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी वाचायला लागले. झोप येत नसे, मग वाचायचं. हे यंत्र आलं कुठून इथपासून.

ते आलं कारखान्यातून. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून एका बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात घेऊन गेले. तिथे धातूच्या जोडात बारीक भेग आहे का हे ध्वनिलहरींनी तपासायचं यंत्र होतं. त्यांनी ते त्या गाठींवर लावून पाहिलं. पाण्याने भरलेली गाठ वेगळा प्रतिध्वनी देत होती आणि भरीव गाठ वेगळा. पुढे टॉम ब्राउन हा तरुण इंजिनिअर आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर त्यांच्याबरोबर आले, आणि १९५८ साली तिघांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच काळातल्या एका बाईची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पोटात असाध्य कॅन्सर आहे असंच तिच्याबद्दल धरून चालले होते. या यंत्राने दाखवलं की ती बीजकोशाची पाण्याने भरलेली मोठी गाठ आहे. ती काढली आणि बाई बरी झाली.

त्याआधी पोटातलं बाळ बघायचं तर एक्स-रे होता. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या ॲलिस स्टुअर्ट यांनी १९५६ साली दाखवून दिलं की गर्भात असताना ज्यांचे एक्स-रे काढले गेले अशा मुलांमध्ये लहानपणीचा कॅन्सर जास्त आढळतो. बऱ्याच डॉक्टरांनी ते मानायला वर्षानुवर्षं लावली. त्या बाईंचं बोलणं आणि ग्लासगोचा तो प्रयोग एकाच काळातले, हे कळल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आमच्या पोटावर आज जे फिरवतात तो आवाज असतो, आपल्या कानांच्या पल्याडचा, सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा. आत जाऊन आपटून परत येणारा. तो थंडगार जेलही त्यासाठीच. त्वचा आणि प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं ते उपकरण, यांच्यात हवेचा पातळ थर जरी राहिला तरी आवाज तिथूनच माघारी फिरतो. या लहरींनी गर्भाला अपाय झाल्याचं इतक्या वर्षांत सिद्ध झालेलं नाही, पण ऊतींमध्ये थोडी उष्णता तयार होते, म्हणून गरजेपेक्षा जास्त वेळ प्रोब ठेवायचा नाही, हा नियम जाणती माणसं पाळतात. निव्वळ हौसेखातर बाळाच्या चेहऱ्याचे फोटो काढत बसणं मला त्यामुळे पटत नाही.

दुसऱ्या वेळच्या पहिल्या तपासणीत ठोके दिसले. पडद्यावर तांदळाएवढी जागा लुकलुकत होती. मी रडले, एवढंच लिहिते.

पण त्याच तपासणीत एक साधी गोष्ट झाली आणि तिचं महत्त्व मला फार नंतर कळलं. माझी तारीख ९ दिवसांनी पुढे गेली. सुरुवातीच्या आठवड्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच वेगाने वाढतात, त्यामुळे डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजली की वय कळतं. हीसुद्धा ग्लासगोचीच देणगी; ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली ती रीत मांडली. नंतर मात्र प्रत्येक बाळ आपापल्या वळणावर जातं. आठव्या महिन्यात केलेली सोनोग्राफी वजन-वाढ सांगते, वय खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून पहिली तपासणी लांबवली की ही संधी हुकते, ती परत येत नाही. तारीख चुकीची असेल तर पुढचं सगळं गणित चुकतं: बाळ लहान आहे की नुसतं वयाने मागे आहे, दिवस खरंच उलटून गेलेत की नाहीत, कळा आणायच्या की थांबायचं. नेमाने लवकर सोनोग्राफी केली तर 'दिवस उलटले' म्हणून कळा आणण्याची वेळ कमी बायकांवर येते आणि जुळी लवकर कळतात, हे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलेलं आहे. यात नाट्य काहीच नाही. फोटो दाखवताना कुणी तारखेबद्दल बोलत नाही. मला विचाराल तर पहिल्या सोनोग्राफीचं सगळ्यात पक्कं काम हेच.

विसाव्या आठवड्याला अॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या अवयवांत काही व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बायका याला 'मोठी सोनोग्राफी' म्हणतात आणि तिच्यात नेमकं काय बघतात हे बहुतेकींना कुणी सांगत नाही. डोक्याच्या आडव्या छेदात मेंदूचे दोन अर्ध आणि मागे लहान मेंदू. वरचा ओठ सलग आहे ना. पाठीचा कणा वरून खालपर्यंत, एकेक मणका. पोटात जठराचा काळा फुगा, तो नसेल तर बाळ गर्भजल गिळतंय का हा प्रश्न. दोन मूत्रपिंडं, मूत्राशय. नाळेत तीन रक्तवाहिन्या. मांडीचं हाड. आणि हृदय. हृदयाचे चार कप्पे दिसले की काम झालं, असं मला वाटायचं. तसं नसतं.

हे मला मैत्रिणीमुळे कळलं. तिच्या बाळाचे चारही कप्पे अगदी नीट होते. पण तपासणाऱ्या डॉक्टरांनी प्रोब थोडा वर कलता केला आणि हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या बघितल्या. त्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात. तिच्या बाळात त्या शेजारीशेजारी समांतर चालल्या होत्या. म्हणजे शरीराकडून आलेलं रक्त फुप्फुसात न जाता पुन्हा शरीरालाच जाणार. पोटात असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही, कारण प्राणवायू वारेतून (प्लॅसेंटातून) येतो. जन्मल्यावर बाळ काही तासांत निळं पडू शकतं. आईला यातलं काय कळणार होतं? बाळ लाथा मारत होतं, वजन छान होतं. तिचं बाळंतपण हृदयशस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात झालं. जन्मल्याबरोबर औषधाचा ड्रिप लागला, कारण गर्भातली एक छोटी वाहिनी बंद होऊ न देणं गरजेचं होतं, आणि पहिल्या दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं. तो मुलगा आज सायकलवरून पडून गुडघे फोडून घेतो. चार कप्प्यांवर समाधान मानून प्रोब खाली ठेवला असता तर रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलं गेलं असतं आणि ते खोटंही म्हणता आलं नसतं. म्हणून मी बहिणीला सांगणार आहे की सोनोग्राफी केली का यापेक्षा कुणी केली, किती वेळ दिला, काय काय बघितलं, हे विचार.

माझ्या विसाव्या आठवड्यात बाळ छान होतं. वार खाली होती. पिशवीच्या तोंडापासून तिची कड फक्त ८ मिलिमीटरवर. पुन्हा मिलिमीटर, पुन्हा ती दोन अधिक चिन्हं. माझे हात गार पडले. डॉक्टरांनी रंगीत डॉप्लर सुरू केला, रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारा. पडद्यावर लाल-निळं वाहू लागलं. लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध असं मी धरून चालले होते, त्या म्हणाल्या, "नाही हो. प्रोबकडे येतंय ते लाल, लांब जातंय ते निळं." पिशवीच्या तोंडावरून बाळाची एखादी उघडी रक्तवाहिनी जात नाही ना, हे त्या शोधत होत्या. वार खाली असेल तर ती शंका घ्यावीच लागते.

त्या स्थितीला वासा प्रीव्हिया म्हणतात. ती फार क्वचित असते. आईला काही दुखत नाही, बाळालाही त्रास नसतो. पाणी फुटलं की ती वाहिनी फाटू शकते, आणि मग जे रक्त जातं ते बाळाचं असतं. भरल्या दिवसांच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम एक पेलाभर. २००४ साली अशा १५५ जणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात हे आधी कळलं होतं त्यांची ९७ टक्के बाळं वाचली. ज्यांच्यात कळलं नव्हतं त्यांची ४४ टक्के. आधी कळलं की करायचं काय, तर दिवस भरण्याआधी, कळा सुरू व्हायच्या आत सिझेरियन. उपाय इतका साधा आहे आणि तो करायचा आहे हे फक्त पाहिल्यानेच कळतं.

माझ्यात तसं काही नव्हतं. "बत्तिसाव्या आठवड्याला पुन्हा बघू, बहुतेकींची वर जाते," असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. आणि मग बारा आठवडे मी पाऊल जपून टाकलं. रात्री उठून अंतर्वस्त्रावर डाग आहे का बघायचे. ही किंमतही लिहायला हवी. नेमाने केलेली तपासणी बऱ्याच जणींना अशी काळजी देते जिचं पुढे काहीच होत नाही: हृदयातला एखादा चमकणारा ठिपका, मेंदूतली पुटकुळीएवढी पाण्याची पिशवी, एकट्या असल्या तर बहुतेक निरुपद्रवी. रिपोर्टवर मात्र त्यांचं लांबलचक नाव छापलेलं असतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी हातात पडलेल्या रिपोर्टचा अर्थ सोमवारपर्यंत सांगायला कुणी नसतं.

याच दिवसांत मी अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीबद्दल वाचलं. १९९३ साली तिचे निष्कर्ष आले. १५ हजारांहून जास्त, कमी जोखमीच्या गरोदर बायका. निम्म्यांची ठरवून दोनदा सोनोग्राफी, उरलेल्यांची फक्त काही वैद्यकीय कारण निघालं तर. शेवटी बाळांच्या मृत्यूत किंवा गंभीर आजारपणात फरक पडला नाही. दोन्हीकडे सुमारे ५ टक्के. मला राग आला. माझी मैत्रीण, तिचा मुलगा, ९७ आणि ४४, हे सगळं त्या समान आकड्यांत कुठे गेलं?

राग ओसरल्यावर पुन्हा वाचलं. ज्या गोष्टींनी एखादं बाळ वाचतं त्या हजारोंत एखाद्या बाईला असतात. पंधरा हजारांच्या सरासरीत त्या बुडून जातात. शिवाय दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणींची कारणपरत्वे सोनोग्राफी झालीच होती. आणि त्या काळी, त्या हातांनी, व्यंगं शोधण्याचं प्रमाणही बरंच कमी होतं. तरीही ती चाचणी मला आता शत्रू वाटत नाही. सगळं नीट असलेल्या बायकांची ठरवून दोनदा सोनोग्राफी केल्याने बाळांचे मृत्यू किंवा गंभीर आजार कमी झाले नाहीत, हे तिने स्वच्छ सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शिफारस केली ती २४ आठवड्यांच्या आत एका सोनोग्राफीची. एक, पण वेळेवर, पण नीट. माझं मतही आता साधारण तिथेच येऊन थांबलंय: लवकर एक तारखेसाठी, मध्यावर एक सावकाश, सगळं बघणारी, आणि त्यापुढची फक्त काही कारण असेल तर.

बत्तिसाव्या आठवड्याला वारेची कड ३४ मिलिमीटरवर होती. वार स्वतः चालत नाही. पिशवीचा खालचा भाग ताणून वाढतो आणि कड वर उचलली जाते. तेव्हा मी विचारलं, "म्हणजे आता सगळं नॉर्मल?" डॉक्टर जेल पुसायला कागद देत म्हणाल्या, "आज जे दिसायला हवं ते दिसलं. जे या मशीनला दिसतच नाही, त्याबद्दल मी बोलू शकत नाही." तेव्हा हे उत्तर कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, इतकं खरं माझ्याशी त्या नऊ महिन्यांत कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्या वेळेसह, जे तिला अर्धवटच माहीत होतं. बाराव्या आठवड्याला मानेमागच्या पाण्याचा थर मोजतात, त्यावरून आणि रक्ताच्या तपासणीवरून फक्त शक्यता कळते, निदान होत नाही. त्यामुळे आकडा कसाही आला तरी त्याच दिवशी काही ठरवायचं नाही, हेही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू येशील?"

खोली तशीच होती, अंधारी. दारातच मी डॉक्टरांना म्हटलं, "जे दिसेल ते आम्हाला लगेच सांगा, थोडंही थांबू नका." त्यांनी मान हलवली. बहिणीने पोटावरचा कपडा वर केला, जेल लागताच ती शहारली. मी पडद्याकडे पाठ करून तिच्या उशाशी उभी राहिले, तिचा हात हातात घेऊन. मागे टिक् झालं. मग आणखी एक टिक्.

"५६ मिलिमीटर," डॉक्टर म्हणाल्या. "ठोके छान आहेत. हा बघा, हात हलवतंय."

बहीण पडद्याकडे बघत होती. मी तिच्याकडे.